डॉक्टर चेन्नईत, दवाखाना बसमध्ये

मनोविकाराच्या ओपीडीत केसपेपरवर पुढची तारीख पडते आणि त्या तारखेला रुग्ण फिरकतच नाही, हे नेहमीचं. त्यात विसराळूपणा थोडा, पैशाचा हिशेब मोठा. रुग्णाची आणि सोबत येणाऱ्याची रोजी बुडते, दोघांचं बसभाडं जातं, वर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चौकशा. स्किझोफ्रेनियात जरा बरं वाटलं की गोळ्या सुटतात आणि दुखणं उलटतं.

रुग्णाची पायपीट वाचवण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेत ओमाहाच्या नेब्रास्का सायकियाट्रिक इन्स्टिट्यूटमध्ये सेसिल विटसन यांनी १९५९ मध्ये दुतर्फी टीव्हीवरून समूहोपचार करून पाहिले. १९६४ मध्ये तीच सोय सुमारे १८० किलोमीटरवरच्या नॉरफोकच्या सरकारी मनोरुग्णालयापर्यंत पोचली.

भारतात या कल्पनेला चाकं लागली ती तमिळनाडूत. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेने २०१० मध्ये पुदुक्कोट्टै जिल्ह्यात एक बस फिरवायला सुरुवात केली. बसच्या एका भागात तपासणीची खोली, दुसऱ्यात औषधांचं दुकान. रुग्ण आणि घरची माणसं आत जाऊन पडद्यासमोर बसत. जवळपास चारशे किलोमीटरवरून, चेन्नईतून, मनोविकारतज्ज्ञ त्यांच्याशी बोलत आणि औषधं लिहून देत. ती तिथेच, फुकट मिळत. पाठपुराव्याला स्थानिक कार्यकर्ते होते. नुसता कॅमेरा पाठवून हे जमलं नसतं. गोळ्या हातात पडत होत्या, म्हणून पुढच्या खेपेला यायला कारण होतं.

अशा दुरून केलेल्या उपचारांबाबत कायदा मात्र बराच काळ धूसर राहिला. रत्नागिरीतल्या एका प्रकरणात, फोनवरून दिलेल्या उपचारानंतर रुग्ण दगावल्यावर, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. फोनवर औषध सांगायला अनेक डॉक्टर कचरू लागले.

कोंडी फुटली ती कोरोनात. २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची नियमावली काढली. आधी तपासलेल्या रुग्णाची चालू औषधं दुरून पुन्हा लिहून देता येतील, हे तिने स्पष्ट केलं. पुढे १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली. १४४१६ हा नंबर फिरवला की समुपदेशक बोलतो, गरज पडल्यास तज्ज्ञाशी गाठ घालून देतो. गोळ्या आणायला मात्र दुकान किंवा सरकारी रुग्णालय गाठावंच लागतं.