‘ते आमचं नाही’ : परभणीच्या रस्त्यावरून पाहिलेला विजेच्या गाडीचा इतिहास

आपल्या जिल्ह्याचं नाव घेतलं की बाहेरचा माणूस हसून एक म्हण ऐकवतोच, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. निजामाच्या राज्यातली म्हण आहे असं सांगतात. तिच्या जन्मकथा जितकी तोंडं तितक्या, त्यात आज शिरत नाही. पण गेल्या मे महिन्यात ती म्हण आम्हाला जरा वेगळ्या अर्थानं आठवली, आणि आजचा विषय तिथूनच निघाला.

आम्ही तिघं छत्रपती संभाजीनगरहून परभणीला विजेच्या कारनं येत होतो. निघताना बॅटरी पूर्ण भरली नव्हती. घाई होती, आणि वाटेत एक फास्ट चार्जर आहे हे ॲपवर दिसत होतं. हिरवा ठिपका, खाली ‘उपलब्ध’. जालना मागे टाकलं, उन्हानं डांबर वितळत होतं, आणि आम्ही त्या चार्जरपाशी पोचलो. एका पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात मशीन उभी, स्क्रीन चालू. गन गाडीला लावली. आधी ॲपमध्ये पैसे भरले, कारण प्रत्येक कंपनीचं पाकीट वेगळं. पाच मिनिटं चक्र फिरलं आणि लाल अक्षरं आली. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या ताईंनी लांबूनच मशीन बंद-चालू केली, फरक पडला नाही, मग तक्रार क्रमांक दिला. पंपावर तेल भरणाऱ्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “काका, ते आमचं नाही. कंपनीचं आहे. आठ दिवस झाले, सगळे असेच येऊन जातात.”

पुढे एसी बंद, काचा खाली, ताशी पंचेचाळीसच्या वेगानं एका ढाब्यापर्यंत आलो. ढाबेवाल्यानं कूलरची पिन काढून पंधरा अँपिअरचा पॉइंट मोकळा करून दिला. “लावा काका, पण साडेचारला लाइट जाती बरं का.” दोन तासांत सहा-साडेसहा युनिट गेली असतील, म्हणजे चाळीसेक किलोमीटरची सोय. संध्याकाळी परभणी गाठली. पोराचं ते ‘आमचं नाही’ मात्र डोक्यातून जाईना. आज आपण इतिहास पाहणार आहोत तो या दोन शब्दांचा.

विजेची गाडी ही आपल्याला नवी वस्तू वाटते. तशी ती नाही. १९०० साली अमेरिकेत मोटारगाड्या बनल्या सुमारे ४,२००. त्यात १,६८१ वाफेवरच्या, १,५७५ विजेवरच्या आणि ९३६ पेट्रोलवरच्या. म्हणजे पेट्रोल तिसऱ्या नंबरला! न्यूयॉर्कमध्ये तर १८९७ पासून विजेच्या टॅक्सी धावत होत्या. मग ही गाडी हरली कशी? शाळेत आणि बाहेरही सांगितलं जातं की पेट्रोलचं इंजिन सरस होतं, फोर्डनं १९०८ मध्ये स्वस्त गाडी आणली, १९१२ मध्ये बटणावर सुरू होणारा स्टार्टर आला. हे सगळं खरंच आहे. पण एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल. पेट्रोल डब्यात भरून ठेवता येतं. वाण्याच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, कुठंही. १८८८ मध्ये बेर्था बेंझ बाई नवऱ्याची मोटार घेऊन लांब प्रवासाला निघाल्या, तेव्हा त्यांनी इंधन घेतलं ते औषधाच्या दुकानातून. वीज अशी डब्यात मिळत नाही. १९३५ च्या सुमाराससुद्धा अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. शहराची वेस ओलांडली की विजेची गाडी लंगडी. ती हरली ती मोठ्या शहरात नव्हे, तिकडच्या जिंतूर-पालममध्ये हरली.

आता त्याच काळातलं एक उलट उदाहरण. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या वीज कंपनीनं १९१० नंतर एक सेवा चालवली. व्यापाऱ्यानं मालगाडी घ्यायची ती बॅटरीशिवाय. बॅटरी कंपनीची. उतरली की कंपनीच्या जागेत जाऊन बदलून घ्यायची. पैसे महिन्याचे ठरावीक, वर मैलामागे आकार. १९२४ पर्यंत ही सेवा चालली आणि तिच्यावर गाड्या साठ लाख मैलांच्या वर धावल्या. यात खुबी बॅटरीत नव्हती, हिशोबात होती. गाडी चालली तर कंपनीला पैसा, उभी राहिली तर बुडाला. चार्जिंग बंद पडलं तर झोप व्यापाऱ्याची नाही, कंपनीची उडायची.

फार लांब जायला नको, पूर्णा स्टेशन घ्या. आपल्या भागातून मनमाड–हैदराबाद मीटरगेज गेली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. वाफेचं इंजिन म्हणजे थोड्या थोड्या अंतरावर पाणी पिणारं जनावर. त्याची ‘रेंज’ आजच्या कारपेक्षाही कमी भरेल. पण पाण्याचा नळ कोरडा आहे म्हणून रोज गाड्या अडकून पडताहेत, आणि स्टेशनमास्तर म्हणतो आहे ‘नळ आमचा नाही’, असं चालणं शक्य नव्हतं. इंजिन रेल्वेचं, नळ रेल्वेचा, नळावरचा माणूसही रेल्वेचा. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये बससेवा सुरू केली तीही आगारांच्या जोरावर. १ जून १९४८ ला पुणे–नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ ला एसटीची विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली. तिचं चार्जिंगही महामंडळाच्या ठरलेल्या ठिकाणी. विजेची बस बिघडत नाही असं आमचं म्हणणं नाही. पण तिला रस्त्यात अनोळखी चार्जर शोधत फिरावं लागत नाही.

आता लाइटकडे येऊ, कारण परभणीत कुणालाही विचारा, चार्जर का बंद, तर पहिलं उत्तर येतं, ‘लाइट नसंल’.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं जून १९६० मध्ये. आपल्या जिल्ह्यात येलदरीला पूर्णा नदीवर धरण झालं, त्याच्या पायथ्याला साडेबावीस मेगावॉटचं जलविद्युत केंद्र. शेजारी परळीला १९७१ मध्ये औष्णिक केंद्र सुरू झालं. दोन्ही पाण्यावर अवलंबून, आणि आपल्याकडे पाण्याचं काय ते तुम्ही जाणता. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर परळीचं केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. पुढे जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाले, महावितरण वेगळी झाली, आणि तीच वर्षं भारनियमनाची. पुण्याला २००६ मध्ये भारनियमनातून सूट मिळाली, तेव्हा आपण रात्री दोनला उठून मोटार चालू करायला शेतात जात होतो. नंतर फीडरचे गट पडले. गळती आणि वसुली पाहून कुणी ए, कुणी बी, करत करत जी. जितका गट खालचा तितके अंधाराचे तास जास्त. म्हणजे तुम्ही महिन्याच्या महिन्याला बिल भरा, तुमच्या फीडरवर शंभर आकडे असतील तर तुम्हीही अंधारात. शिक्षा सामुदायिक.

या काळानं आपल्याला काय शिकवलं? वाट पाहायची नाही, आपली सोय आपण करायची. मोटारीला ‘ऑटो’ बसवला, म्हणजे लाइट आली की पाणी आपोआप सुरू. एकच फेज असली तर कंडेन्सर लावून मोटार फिरवली. डीपी जळाली तर वर्गणी काढली. वायरमन सापडेना तेव्हा ‘झिरो वायरमन’ धरला. तो म्हणजे कागदावर कुठंच नसलेला, पण खांबावर प्रत्यक्ष चढणारा पोरगा. कित्येक पोरं त्यात गेली, हे विसरून चालणार नाही. घरोघरी इन्व्हर्टर आला. विजेच्या कारवाल्यानंही हेच केलं आहे. घरी पॉइंट, शेतात पॉइंट, सासुरवाडीला पॉइंट. परभणी–नांदेड जाऊन येऊन दीडशे किलोमीटर, ते घरच्या चार्जिंगवर निभतं. रडगाणं सुरू होतं ते पुण्याला निघालं की. चारशेच्या आसपास किलोमीटर, आणि मधे भरवसा त्या हिरव्या ठिपक्यांचा.

आमचाही समज बरीच वर्षं हाच होता, की दोष लाइटचा. तो समज मोडला एका पाहणीनं. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातली १८१ फास्ट चार्जिंग स्टेशनं स्वतः फिरून तपासली. एकूण ६५७ कनेक्टर. चालू किती निघाले? ७२.५ टक्के. जिथं लाइट जात नाही, पैसा कमी नाही, तिथं चारातला एक बंद. कारणं काय, तर स्क्रीन मेलेली, पैसे स्वीकारत नाही, नेटवर्क नाही, गन तुटलेली. काही ठिकाणी तर केबल गाडीपर्यंत पोचतच नव्हती! म्हणजे जिंतूर रोडवर आमची जी फजिती झाली तिला मराठवाड्याचा मागासपणा एवढंच कारण पुरत नाही.

मग कारण कुठं आहे? आमच्या मते ते पैसा कशासाठी दिला यात आहे. आपल्याकडची क्रमवारी पाहा. २०१७ मध्ये सरकारी समितीनं ‘भारत डीसी-००१’ नावाचं मानक सुचवलं. १५ किलोवॉट, ७२ व्होल्टच्या आसपासच्या छोट्या गाड्यांसाठी. ठिकठिकाणी अशा मशीन बसल्या. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही आली, तिची बॅटरी तीनशेच्या वर व्होल्टची आणि तोंड ‘सीसीएस-२’ पद्धतीचं. आधीच्या मशीन तिच्यापुढे निव्वळ शोभेच्या. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रानं स्पष्ट केलं की चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, ती सेवा आहे, परवाना नको. चांगला निर्णय, त्यामुळे कुणीही चार्जर टाकू शकतो. डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अंतर ठरलं, शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या चौकोनात एक, महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक. मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ फास्ट चार्जरसाठी ८०० कोटी मंजूर झाले, त्यातले ७० टक्के, ५६० कोटी, पहिल्याच हप्त्यात.

आकडे नीट ऐका. किती बसवायचे ते आहे. किती अंतरावर ते आहे. किती पैसे ते आहे. वर्षातले किती तास चालू राहिले पाहिजेत? तो आकडा या ओळीत तुम्हाला दिसला का?

आणि वीजविक्री नव्हे, सेवा, या चांगल्या निर्णयाची एक बाजू आमच्या मनात सलते. तुमच्या घरचा फ्यूज गेला किंवा डीपी जळाली, तर किती तासांत दुरुस्त करायची, नाही केली तर भरपाई किती, याचे नियम वीज नियामक आयोगानं घालून दिले आहेत. ते किती पाळले जातात हे तुम्हाला ठाऊक आहे, पण कागद तरी आहे, घेऊन भांडता येतं. चार्जरच्या गनपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तसा कागद नाही. वीज मीटरपर्यंत आली की महावितरण सुटली, आणि मीटरच्या पुढे तो तक्रार क्रमांक.

ब्रिटननं हे २०२३ मध्ये कायद्यात घातलं. पन्नास किलोवॉट आणि त्यावरचे सार्वजनिक चार्जर, कंपनीच्या सगळ्या जाळ्याची वर्षाची सरासरी धरून, ९९ टक्के वेळ चालू हवेत, नाहीतर दंड. अमेरिकेनं सरकारी पैशातल्या चार्जरसाठी ९७ टक्क्यांची अट घातली. आता सरासरी म्हटलं की आम्ही परभणीकर जरा दचकतो. मुंबई-पुण्यातले शंभर चालू आणि आपल्या रस्त्यावरचा एकुलता एक बंद, तरी सरासरी ९९ टक्केच भरते! पुण्यात एक बंद असला तर दोन किलोमीटरवर दुसरा असतो. इथं एक बंद म्हणजे शंभर टक्के बंद. त्यामुळे मोजायचंच असेल तर जाळं नको, जागा मोजा. त्या जागी गेलेल्या शंभर गाड्यांपैकी किती चार्ज होऊन निघाल्या, ते मोजा.

पेट्रोल पंपाची गोष्ट यापुढे साधी आहे. पंपमालकाला लिटरमागे कमिशन मिळतं. नोझल तासभर बंद राहिलं तर नुकसान त्याच्या खिशाला, म्हणून तो स्वतः मेकॅनिकला शिव्या घालून बोलावतो. त्याच पंपाच्या कोपऱ्यातल्या चार्जरवर त्याला युनिटमागे काही मिळत नसेल, तर त्यानं उन्हात उठून तो का पाहावा? तो पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याचं नव्हतंच ते.

पण या गोष्टीला थोडा पुढचा भाग आहे, तो सांगून थांबतो. आम्ही निघताना त्या पोराचा फोन नंबर घेतला होता. आता त्या रस्त्यानं जायचं असलं की ॲप न उघडता आधी त्याला फोन करतो. आमच्या ओळखीतले चार-पाच कारवाले तेच करतात. मशीन अडली की हेल्पलाइनच्या ताई सांगतील तसं तोच लाल बटण फिरवून सोडतो, ब्रेकर पाडून उचलतो. त्याचा पगार त्यासाठी नाही, नावही कुठं नाही. गेल्या आठवड्यात विचारलं तेव्हा म्हणाला, “आज चालू आहे काका, पण दुपारच्या आत या. ऊन झालं की ती गरम होऊन बसती.”