स्कूल बोर्डाची जागा आणि गावाचे मत : भोर तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

भोंगवली (ता. भोर, जि. पुणे) येथील मतदार ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा अशा पाच पातळ्यांवर आपले प्रतिनिधी थेट निवडतो. परंतु प्राथमिक शाळेचा कारभार पाहणाऱ्या मंडळासाठी स्वतंत्र मतपत्रिका त्याच्या हाती देण्याची तरतूद येथील कायद्यांनी केली नाही. अमेरिकेत बहुतांश ठिकाणी शालेय मंडळाची जागा नागरिकांच्या प्रत्यक्ष मतदानाने भरली जाते व त्यासाठी सामान्य पालकही उमेदवार म्हणून उभा राहतो. मुंबई इलाख्यात आणि पुढे महाराष्ट्रात स्कूल बोर्ड होते, त्यांच्या निवडणुकाही होत होत्या. मात्र त्यांचे मतदार वेगळे होते. शाळेच्या कारभारातील ही जागा कोणाच्या मताने भरली जात असे आणि त्या जागेला कोणते अधिकार होते, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा आढावा घेतला आहे.

लोकल बोर्डांचा काळ :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील शेतकऱ्याकडून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड पट्टी वसूल केली जाई व तिचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे वळविला जाई. म्हणजे खेड्यातील शाळेच्या खर्चाचा भार रयत उचलत होती. कारभारात मात्र तिला स्थान नव्हते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा परखडपणे मांडली. त्याच वर्षी लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध झाला आणि १८८४ च्या कायद्याने तालुका व जिल्हा लोकल बोर्डे अस्तित्वात आली. या बोर्डांत लोकनियुक्त सभासदांना प्रवेश मिळाला, तरी मतदानाचा हक्क सारा व मालमत्ता यांच्या अटींनी मर्यादित होता. परिणामी पट्टी भरणारे अनेक आणि मत देणारे मोजके, अशी स्थिती निर्माण झाली.

१९२३ चा कायदा व स्कूल बोर्ड :

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर शिक्षण हे सोपीव खाते झाले. त्यानंतर संमत झालेल्या १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपविला व त्यासाठी स्कूल बोर्डांची तरतूद केली. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या व नव्या शाळा हे विषय बोर्डाच्या कक्षेत आल्याने स्कूल बोर्डाची जागा ही जिल्ह्याच्या राजकारणात प्रतिष्ठेची व सत्तेची जागा ठरली. तथापि या जागेसाठी उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला गावोगाव पालकांकडे मते मागावी लागत नसत. त्याचे मतदार म्हणजे लोकल बोर्डाचे सभासद होते. निवडणूक होती, पण ती सभागृहापुरती होती.

स्थानिकांच्या हाती सत्ता गेली म्हणजे ती सर्वांच्या हाती गेली, असेही घडले नाही. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणाची दुरवस्था मांडली. ज्या गावात शाळेच्या ओसरीवर बसण्यावरून वाद होत, तेथे गावातील प्रबळ जातींच्या हाती शाळा सोपविणे म्हणजे दुर्बलांना त्यांच्या मर्जीवर सोडणे होते. त्यामुळे शाळेचे नियंत्रण गावाच्या जवळ आणावे, या आग्रहाची ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

पुढे १९२९ च्या हार्टोग समितीने स्थानिक संस्थांकडे झालेल्या या हस्तांतरावर टीका केली. नेमणुका व बदल्या यांतील पक्षीय हस्तक्षेपाच्या तक्रारीही वाढल्या होत्या. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ मध्ये, कायद्यात दुरुस्ती होऊन शासनाचे नियंत्रण वाढले. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांची नव्याने मांडणी केली. पण पालकाला प्रत्यक्ष मताधिकार त्यातही मिळाला नाही.

भोर संस्थान आणि विलीनीकरण :

आजच्या भोर तालुक्याचा मोठा भाग पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. ब्रिटिश मुलखातील स्कूल बोर्डांचा कायदा संस्थानास लागू नसल्याने संस्थानी प्रजेला बोर्डाच्या निवडणुकीचा हा अप्रत्यक्ष अनुभवही नव्हता. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानाचा जो प्रदेश पुणे जिल्ह्यास जोडला गेला, तेथील शाळा जिल्ह्याच्या व्यवस्थेत आल्या. मात्र ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या आणि जिल्हा स्कूल बोर्डाची जागा जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने घेतली. आता मतदार प्रौढ मताधिकाराने जिल्हा परिषद सदस्य निवडू लागला; परंतु त्या सदस्याला तो रस्ते, पाणी, आरोग्य व शाळा या सर्वांसाठी एकत्रित मत देत होता. शिक्षण समितीवर कोणी जावे, हे पुन्हा सभागृहातच ठरत होते. शहरांतील शिक्षण मंडळे त्यानंतरही चालू राहिली. २०१३ च्या कायद्याने तीही रद्द ठरली.

शाळा व्यवस्थापन समिती :

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ ने प्रथमच पालकाला पालक म्हणून कायदेशीर स्थान दिले. समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या महिला आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व, ही रचना १९२३ च्या बोर्डापेक्षा निःसंशय अधिक लोकशाहीवादी आहे. ही निवड पालकसभेत होते. तेथे बहुधा उमेदवारी अर्ज वा मतपेटी नसते. नावे सुचविली जातात व हात वर होतात. गावातील सलोखा यामुळे टिकतो, तसाच प्रभावी घराण्यांचा वरचष्माही टिकू शकतो.

या समितीचे अधिकार मात्र देखरेख, अनुदानाच्या वापरावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे येथवरच आहेत. शिक्षक नेमणे वा बदलणे तिच्या हाती नाही. शाळा चालू ठेवणे वा बंद करणे हेही नाही. सह्याद्रीच्या कुशीतील भोर-वेल्हे परिसरात या मर्यादेला फार मोठा अर्थ आहे. वेल्हे तालुक्यातील पानशेत येथे परिसरातील लहान शाळा एकत्र करून समूह शाळा उभी राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांबाबत राज्यभरातून असेच प्रस्ताव मागविताना तिचा दाखला देण्यात आला. त्या वेळी पुणे जिल्हा परिषदेतील निर्वाचित सदस्यांची मुदत संपून (मार्च २०२२) प्रशासकीय कारभार चालू होता. म्हणजे वाडीवस्तीवरील शाळेचे भवितव्य ठरत असताना शिक्षण समितीत लोकप्रतिनिधी नव्हते आणि जी समिती गावात होती, तिला केवळ मत मांडता येत होते. मोठ्या शाळेत सोयी अधिक मिळतात, हे खरे; परंतु पावसाळ्यात ओढा ओलांडून जाणाऱ्या मुलीचे शिक्षण सुटेल की टिकेल, हे तिच्या पालकांनाच प्रथम कळते.

समारोप :

सुमारे एकशेचाळीस वर्षांच्या या वाटचालीत एक व्यस्त प्रमाण स्पष्ट दिसते. शाळेच्या कारभारातील जागेला खरे अधिकार होते, तेव्हा ती गावापासून दूर होती. ती गावात पोहोचली, तेव्हा अधिकार तिच्यासोबत आले नाहीत. यावर १९२३ च्या बोर्डांचे पुनरुज्जीवन हा उपाय ठरणार नाही, कारण त्या सत्तेतील पक्षपात व जातिभेद इतिहासाने नोंदविले आहेत. तथापि शाळा बंद करणे वा विलीन करणे अशा निर्णयांपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीची संमती बंधनकारक करणे आणि समितीची निवड गुप्त मतदानाने घेण्याची मुभा पालकसभेला देणे, या दोन मर्यादित सुधारणा शक्य आहेत. लोकलफंड पट्टीच्या काळापासून शाळेचा भार वाहणाऱ्या रयतेला शाळेच्या अस्तित्वाबाबत तरी निर्णायक मत असावे, एवढीच अपेक्षा या इतिहासातून निष्पन्न होते.