किलोमीटर 47 वरचं गवत

रिओ दि जानेरोहून साव पावलोकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, 47व्या किलोमीटरपाशी, सेरोपेडिका आहे. ब्राझीलच्या कृषी मंत्रालयाच्या तिथल्या संशोधन केंद्रात 1951 साली योहाना डोबेराइनर रुजू झाल्या. जन्म 1924चा, चेकोस्लोव्हाकियातला. युद्धानंतर घर सुटलं. जर्मनीत शेतावर गाईंच्या धारा काढल्या, शेण पसरलं, म्युनिकला कृषिशिक्षण घेतलं आणि मग समुद्र ओलांडला.

कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालं होतं. गवताला गाठी नसतात. म्हणून कुरणाला नत्र द्यायचा तो शेणाचा, नाहीतर पोत्यातला, अशीच समजूत होती. डोबेराइनर मात्र गवताच्या मुळांना चिकटलेली माती तपासत राहिल्या. 1966 साली त्यांनी पास्पालम नोटाटम या गवताच्या मुळांशी राहणारा, नत्र धरणारा अ‍ॅझोटोबॅक्टर पास्पाली जगापुढे आणला.

पुढचा शोध मोठा होता. डच शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी 1925 साली स्पिरिलम लिपोफेरम नावाच्या जिवाणूचं वर्णन केलं होतं; नंतर तो जवळजवळ विस्मरणात गेला. सत्तरच्या दशकात तोच पँगोला गवताच्या मुळांत सापडला. त्याला प्रयोगशाळेत वाढवणं अवघड, कारण नत्र पकडणारं विकर प्राणवायूनं निकामी होतं आणि जिवाणूला श्वसनासाठी तोच प्राणवायू लागतो. डोबेराइनर यांच्या प्रयोगशाळेनं माध्यम अर्धवट घट्ट ठेवलं. जिवाणू पोहत पोहत आपल्याला मानवेल इतक्याच हवेच्या खोलीवर जातो आणि पृष्ठभागाखाली पातळ पडद्यासारखा थर धरतो. या माध्यमाच्या साध्या बाटलीनं जगभरच्या प्रयोगशाळांना गवतातले जिवाणू शोधायची वाट दाखवली. 1978 साली स्पिरिलम लिपोफेरमला अ‍ॅझोस्पिरिलम हे नाव मिळालं.

1973च्या तेलसंकटानं नत्रखतं महागली होती, त्यामुळे जिवाणूकडून नत्र मिळेल या आशा उंचावल्या. फ्लोरिडात बाजरी आणि गिनी गवताला हा जिवाणू देऊन केलेल्या प्रयोगांचे निकाल 1976 साली गाजले. पुढे मात्र एका शेतात फायदा, दुसऱ्यात काहीच नाही, असं होऊ लागलं.

मग कळलं ते अधिक मोलाचं होतं. नत्र धरणं हे या जिवाणूचं एकमेव काम नव्हे; तो मुळांची वाढ करणारी संप्रेरकंही सोडतो. मुळं फुटतात, केसमुळं वाढतात, आणि जमिनीतलं पाणी व घातलेलं खत जास्त शोषलं जातं. म्हणजे खताला तो पर्याय नाही. दिलेल्या खताचं चीज करणारा जोडीदार आहे.

हा धडा कुरणांपर्यंत पोचायला वेळ लागला. ब्राझीलची विस्तीर्ण कुरणं आफ्रिकेतून आलेल्या ब्रॅकियारिया गवताची, आणि त्यावर चरणारी नेलोरे गुरं आंध्रातल्या ओंगोल जातीच्या वंशातली. अतिचराईनं आणि खताअभावी त्यांतली कितीतरी कुरणं खंगली. डोबेराइनर यांच्या तालमीत घडलेल्या मारियांजेला हुंग्रिया आणि सहकाऱ्यांनी 2016 साली ब्रॅकियारियाला अ‍ॅझोस्पिरिलम देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. माफक नत्रखताबरोबर जिवाणू दिल्यावर चारा वाढला, त्यातला नत्रही वाढला. गुरांच्या पोटात जाणारी प्रथिनं त्या नत्रातूनच घडतात. हुंग्रियांना 2025चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रात ज्वारी-बाजरीच्या पेरणीआधी अ‍ॅझोस्पिरिलमची पाकिटं मिळतात. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं. ज्वारीचा कडबा तर जनावराचाच घास. जिवाणू जिवंत असतात. म्हणून बी सावलीत सुकवून लगेच पेरायचं आणि रासायनिक खतात मिसळायचं नाही.