अक्षी, रेवदंडा, कोर्लई

अलिबागहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता अक्षी, नागाव, चौल आणि रेवदंडा ही गावे मागे टाकत कुंडलिकेच्या मुखाशी येतो. खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि तेथून समुद्राच्या कडेकडेने कोर्लई. सारा प्रवास पंचवीस किलोमीटरच्या आतला. मोटारीतून जाणाऱ्याला हा रस्ता म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्यांची एक अखंड हिरवी भिंत वाटते. आम्ही तो सायकलीने केला आणि रेवदंडा व कोर्लई पायी फिरलो. इतिहासाची पुस्तके वाचून निघालो होतो, त्यामुळे नजर दगडांवरच होती. दगडांखेरीज या वाटेवर आणखी काही ऐकण्याजोगे आहे, हे फार उशिरा ध्यानात आले.

पहिला दगड अक्षीचा. मराठीच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके श्रवणबेळगोळपासून सुरुवात करीत, त्या काळात शिकलेल्यांना अक्षी हे नाव परीक्षेपुरतेसुद्धा ठाऊक नसते. येथील गधेगाळीवरील लेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला गेला आहे. काही अभ्यासक तो बराच पुढे आणतात. पहिले वाचन मान्य केले तर श्रवणबेळगोळच्या लेखाहून हा सुमारे शतकभर जुना ठरतो. शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातील हा मजकूर आहे. त्यात देवीसाठी दिलेल्या दानाची नोंद आहे आणि खाली ते दान मोडणाऱ्यासाठी गाढवाचा शाप कोरलेला आहे. राजाचे नाव, दान, शिवी : लिखित मराठीचा आरंभ इतका व्यवहारी असावा याची आम्हांला गंमत वाटली. हा दगड दीर्घकाळ रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता. ज्या भाषेचे लाखो वाचक आहेत, तिचा कदाचित सर्वांत जुना लेख वाचायला मात्र कोणी थांबत नव्हते.

नागाव ओलांडले की चौल. या बंदराविषयी लिहावे तितके थोडे. टॉलेमीचे सिमुल्ला आणि अरब प्रवाशांचे सैमूर ते हेच, असे बहुतेक इतिहासकार मानतात. दहाव्या शतकात अल् मसूदी येथे येऊन गेला. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी समुद्रमार्गाने चौलला उतरला. त्याचे स्मारक आज रेवदंड्यातील शाळेच्या आवारात आहे. जुने चौल बघायला रामेश्वराच्या देवळापाशी सायकल लावून पाखाड्यांनी चालणे हाच उपाय. तळी, देवळे, हमामखान्याचे अवशेष हे सारे वाड्यांच्या आत, कुंपणाच्या आड असते.

रेवदंडा हे खरे पोर्तुगीजांचे चौल. १५०८ च्या मार्च महिन्यात या खाडीच्या मुखाशी इजिप्तच्या मामलुकांचे आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगीजांना गाठले. त्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवला बापाने सूड घेतला. कामोंइश याने १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या 'लुसियाड' या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात लोरेन्सोचे मरण गायिले आहे. पोर्तुगालच्या राष्ट्रीय काव्यात ज्याला जागा मिळाली, असे गाव आपल्या किनाऱ्यावर आहे आणि ते आपल्या साहित्याच्या नकाशावर जवळजवळ नाही.

पोर्तुगीजांनी १५२१ नंतर येथे किल्ला बांधला, पुढे वस्तीभोवती तट घातला. १५७०-७१ मध्ये निजामशाहीचा वेढा पडला, तो त्यांनी परतवला. आज रस्ता या तटाला भेदूनच गावात शिरतो. दरवाजावर पोर्तुगालचे राजचिन्ह आहे आणि त्याखालून एस. टी. जाते. आम्ही तटाच्या आतल्या बाजूने चालत निघालो. तट कोठे सलग, कोठे वडाच्या मुळांनी फोडलेला, कोठे एखाद्या घराची मागची भिंत झालेला. चर्चच्या भग्न भिंतींना लागून पोफळी उभ्या आहेत आणि ज्या चौथऱ्यावर कधी प्रार्थना झाली असेल, तेथे कोणी सुपारी वाळत घातलेली. युरोपातील जतन केलेल्या तटबंदीच्या गावांतून सायकलीने फिरून आलेली मंडळी येथे हळहळतात. आम्ही पुरते हळहळू शकलो नाही. घरांनी आणि वाड्यांनी वेढलेली भिंत निदान माणसांच्या वावरात राहते. मात्र कोरीव दगड उचलून नेले जातात, तेव्हा हा युक्तिवाद लंगडा पडतो, हेही खरे.

फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा गावात 'सातखणी' म्हणून ओळखला जातो. सात खण आता उरलेले नाहीत, तरी नाव टिकले आहे. डॉ. जर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या पुराणवस्तूंवरील आपले इंग्रजी पुस्तक १८७६ साली प्रसिद्ध केले, तेव्हा येथील पोर्तुगीज लेख त्यांनी काळजीपूर्वक नोंदवले. अक्षीचा लेख काय आणि हे लेख काय, जवळून जाणाऱ्याला दोन्ही सारखेच मुके.

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल व समोरचा कोर्लईचा गड मराठ्यांकडे आला. आपल्या इतिहासकथनात येथे प्रकरण संपते. पाद्री, सैनिक, अधिकारी निघून गेले. परंतु ज्यांना जायला गोवा नव्हता, अशी काही ख्रिस्ती शेतकरी कुटुंबे मागे राहिली आणि खाडीपलीकडे कोर्लईच्या पायथ्याशी स्थिरावली. घरात ती जी भाषा बोलत होती, ती आजही तेथे बोलली जाते. बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा.

भाषाशास्त्रज्ञांच्या लेखी ही पोर्तुगीजवर आधारलेली क्रिओल. गोव्याचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दालगादो यांनी उत्तर कोकणातील अशा बोलींवर १९०६ साली लिहिले. मुंबई आणि वसईतील त्यांच्या बहिणी पुढे नाहीशा झाल्या. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी कोर्लईच्या भाषेवर सविस्तर अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची घडण मराठीजवळ सरकलेली आहे : क्रियापद शेवटी जाते आणि पोर्तुगीजमध्ये नामाच्या आधी येणारी अव्यये येथे मराठीसारखी नामाच्या मागे येतात. पाव, साबण, चावी, पगार, तुरुंग, घमेले हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले आणि विसरून गेलो. येथे देवघेव उलट्या दिशेनेही झाली आणि आपण दिलेले व्याकरण आपल्याला ठाऊकसुद्धा नाही.

ही भाषा टिकली ती कोणी जपली म्हणून नव्हे. धर्म वेगळा, म्हणून भोवतालच्या समाजाशी रोटीबेटी नाही. राज्य गेले, म्हणून लिस्बनशी संबंध नाही. दोन्हीकडून तुटल्यामुळे ती राहिली. १९६० च्या दशकानंतर चर्चमध्ये मराठी आली, शाळा मराठी झाली, नोकरीसाठी मुले बाहेर पडली. बोलणाऱ्यांचा आकडा अभ्यासकांनी हजाराच्या आतच दिला आहे. तुटलेपण संपावे, असे कोणता शिक्षक म्हणणार नाही? आम्हीही मराठीचे शिक्षक. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून सभा घेतो, निवेदने लिहितो. मराठी शाळेने कोणाची तरी घरची भाषा मागे सारली असेल, हा विचार या गावात येईपर्यंत आम्हांला शिवला नव्हता.

गडावर जाताना वाट वस्तीतून गेली. एका ओटीवर एक आजी नातवाला काही सांगत होत्या. आम्हांला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण हेल मात्र पूर्ण ओळखीचा, कुलाब्याकडचा. नातवाने उत्तर दिले ते मराठीत. आम्ही थांबून, जरा संकोचाने, विचारले की आजी कोणती भाषा बोलत होता. त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "आमचीच. तुम्ही वर जाताय ना? पाणी भरून घ्या, गडावर मिळायचं नाही."

आम्ही बाटल्या भरून घेतल्या. गड चिंचोळा आहे, समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या धारेवर बांधलेला. एकामागून एक दरवाजे लागतात. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. वरून खाडीपलीकडे रेवदंड्याचा तट सुरूच्या बनाआड जेमतेम दिसतो. सातखणीचे टोक शोधावे लागले. खाली वस्तीतून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता. ती कोणत्या भाषेत ओरडत आहेत, ते इतक्या उंचीवरून समजत नव्हते.