आडवाटेचा मुक्काम

म्हैसुरातील जयलक्ष्मीपुरम ही तशी शांत वस्ती. नोकरीनिमित्त येथे राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला सकाळच्या फेरफटक्याला शेजारची यादवगिरी सोयीची पडते. कादंबरीकार आर. के. नारायण यांचे घर तिथेच आहे, आणि ते पाहायला दूरदूरचे लोक येतात. पण याच यादवगिरीत दुसऱ्या एका स्थळाची चौकशी करणारे प्रवासीही भेटतात. त्यांची जात निराळी. त्यांच्या मोटरसायकलींवर राहुटीची वळकटी बांधलेली असते, बुटांवर तांबडी माती असते, आणि ते विचारतात ते 'आयडियल जावा' कारखान्याविषयी. हा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. तरी त्याने घडवलेल्या गाड्या अजून रानोमाळ हिंडत आहेत.

या गाडीचे माहेर पुष्कळ दूर, चेकोस्लोव्हाकियात. फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदाराने 1929 मध्ये 'वाँडरर' या जर्मन मोटरसायकलीचे हक्क घेतले आणि आपल्या व तिच्या नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार केले. मुंबईचे रुस्तुम व फारोख इराणी या गाड्या आयात करीत. पुढे परदेशी मालावर निर्बंध आले, तेव्हा त्यांनी म्हैसुरात कारखाना काढला. 1961 मध्ये त्याचे उद्घाटन झाले, ते त्या वेळचे राज्यपाल आणि म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते. 1973 पासून गाडीला 'येझदी' हे नाव मिळाले. इराणातील यज्द शहराशी नाते सांगणारे हे नाव आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत इतके रुळले, की ते परके आहे असे कोणाला वाटेनासे झाले.

अडीचशे घनसेंटिमीटरचे दुघाती इंजिन, पेट्रोलातच मिसळायचे तेल, आणि किक मारून झाली की तीच कांडी पुढे ढकलून गिअर बदलायची सोय, असा हा साधा पण हिकमती कारभार. झाकलेल्या साखळीला धूळ-चिखलाची बाधा कमी. सहा दिवसांची एक आंतरराष्ट्रीय मोटरसायकल स्पर्धा 1913 पासून भरत आली आहे. ती होते डोंगर, ओढे आणि रानवाटांवरून. आणि तिचा कडक नियम असा, की स्पर्धकाने आपली गाडी जवळच्या हत्यारांनी स्वतःच दुरुस्त करायची. या स्पर्धेत 1970 ते 1974 अशी सलग पाच वर्षे चेकोस्लोव्हाकियाच्या संघाने अजिंक्यपद राखले. वेग नव्हे, तर वाटेत मोडले ते वाटेतच जोडता येणे हा या यंत्राचा खरा गुण होता. 1980 नंतर कमी पेट्रोल खाणाऱ्या जपानी तंत्राच्या हलक्या गाड्या आल्या, धुराविषयीचे नियम कडक झाले, आणि त्या गुणाला बाजारात किंमत उरली नाही. 2018 मध्ये 'जावा' आणि 2022 मध्ये 'येझदी' ही नावे पुन्हा बाजारात आली खरी, पण त्या गाड्या म्हैसुरात होत नाहीत. त्या मध्य प्रदेशात पीथमपूरला तयार होतात.

जयलक्ष्मीपुरमातून राहुटी घेऊन निघणाऱ्याला तीन-चार दिवसांचा उत्तम रस्ता, किंबहुना उत्तम बिनरस्ता, उत्तरेकडे आहे. कण्णंबाडी, चिनकुरळी, तोन्नूरचा तलाव आणि मेलकोटे. मोठा हमरस्ता सोडून कालव्याच्या काठाने, उसाच्या आणि नाचणीच्या शेतांमधून बैलगाडीच्या चाकोरीने जायचे. मेलकोट्याच्या अभयारण्यात राहुटी ठोकायची नाही; पीक निघालेल्या शेतात, धन्याला विचारून, ठोकायची. सरपण विकत घ्यायचे. जड सामान खाली व पुढे बांधायचे, नाहीतर वाळूत मागचे चाक फितूर होते.

ही सर्व नावे मराठी इतिहासाच्या वाचकाला ओळखीची वाटतील. तोन्नूरचा तलाव म्हणजेच आपल्या बखरकारांचा मोती तलाव. 1771 च्या मार्चमध्ये त्र्यंबकरावमामा पेठे यांनी येथे हैदराची फौज उधळली. मेलकोट्याहून रात्री श्रीरंगपट्टणाकडे निसटू पाहणारे सैन्य वाटेतच गाठले गेले, आणि खुद्द हैदर कसाबसा पट्टणात पोचला.

वीस वर्षांनी, 1791 च्या मेमध्ये, याच माळावर लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज उपाशी पडली होती. 15 मेची अरकेऱ्याची लढाई त्याने जिंकली होती. पण पाऊस लागला, तोफा ओढणारे बैल मेले, धान्य सरले. अखेर कण्णंबाडीजवळ वेढ्याच्या जड तोफा त्याने स्वतःच फोडून टाकल्या. (ते जुने कण्णंबाडी आता कृष्णराजसागराच्या पाण्याखाली आहे.) परतीच्या वाटेवर मेलकोट्याच्या बाजूने घोडदळ येताना दिसले, तेव्हा इंग्रजांना तो शत्रूच वाटला. ते होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. भाऊंनी एप्रिलात धारवाड घेतले होते; पण दोन्ही मराठे सरदार इतके जवळ आल्याची वार्ता टिपूच्या स्वारांनी कॉर्नवॉलिसपर्यंत पोचूच दिली नव्हती.

मराठ्यांच्या छावणीतील बाजाराचे वर्णन इंग्रज इतिहासकार विल्क्स याने केले आहे. काश्मिरी शाली, विलायती बनात, बर्मिंगहॅमचे चाकू, हिरे, बैल, मेंढ्या आणि कोकणातली सुकी मासळीसुद्धा तिथे मिळत होती. भुकेल्या इंग्रजांनी मागितलेल्या भावाने धान्य घेतले. आमच्या शाळकरी वयात हा प्रसंग मोठ्या अभिमानाने सांगितला जाई, आणि त्यात अभिमान वाटण्याजोगे काही आहेही: आडमुलखात फौज कशी जगवावी हे त्या वेळी मराठ्यांना जेवढे कळत होते तेवढे इंग्रजांना कळत नव्हते. म्हणूनच पुढल्या वर्षी पट्टणावर येताना कॉर्नवॉलिसने लमाणांचे तांडे आधीच हाताशी धरले, आणि 1792 च्या तहात टिपूला निम्मा मुलूख व तीन कोटी तीस लाख रुपये द्यावे लागले.

परंतु फौजेच्या बाजारातले धान्य कोठून येते, हा प्रश्न त्या अभिमानात कोणी विचारीत नसे. ते अखेर मुलखातल्या रयतेच्या पेवांतूनच निघते. कधी पैसे मोजून, पुष्कळदा न मोजता. याच मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ लुटला. मठाच्या स्वामींना टिपूने सांत्वनाची पत्रे लिहिली आणि मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी मदत देवविली. कानडीतली ही पत्रे 1916 मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे आर. नरसिंहाचार यांना शृंगेरीच्या मठात सापडली.