ग्रुपला किती?

ऐंशी-नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात बारावी सायन्स झालेल्या कोणालाही "ग्रुपला किती होते?" असं आज विचारून बघा. लग्नाची तारीख आठवायला वेळ लागेल, हा आकडा लगेच येईल. ग्रुप म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. शंभर-शंभरचे तीन पेपर, एकूण ३००. मराठी-इंग्रजीत काय दिवे लावले याच्याशी कोणाला देणंघेणं नसायचं. पेढे आणायचे की नाही ते ग्रुपवर ठरायचं.

आणि आकडा सांगितला की लगेच पुढचा प्रश्न यायचा, "मग, होईल ना कुठेतरी?" मला आज लिहायचंय ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आपलं होईल की नाही, याचा अंदाज आपल्याकडे लोक कशावरून बांधत आले? यातला एक तुकडा आमच्या घरच्या मंडळींना तोंडपाठ आहे, त्यांनी तेवढा गाळून वाचावा.

सुरुवात पुण्यातून. १८५४ साली तिथे 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघालं. सरकारला रस्ते, पूल, कालवे बांधायचे होते आणि त्यासाठी हाताखालची माणसं हवी होती, इतका साधा हेतू. पुढे त्याचं नाव बदलत गेलं, मधे ते कॉलेज ऑफ सायन्स झालं आणि १९११ साली कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. हेच आपलं सीओईपी. विश्वेश्वरय्या इथलेच. बंगळूरला बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला आले. १८८३ च्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. त्या काळी मुळात पदवीपर्यंत पोचणारेच इतके थोडे की गाळणी प्रवेशाच्या दाराशी नव्हतीच. ती कितीतरी आधी लागलेली असायची : घरात पैसा आहे का, इंग्रजी शाळा जवळ आहे का, शिष्यवृत्ती देणारं कोणी आहे का. ज्याचं होणार नव्हतं त्याला 'होईल का' हा प्रश्नसुद्धा पडत नसे.

मुंबईला १८८७ साली व्हीजेटीआय आलं, सांगलीला १९४७ साली वालचंद. मग १९६० च्या आसपास कराड, औरंगाबाद, नागपूर, अमरावती. संपली यादी जवळजवळ. एवढ्या मोठ्या राज्यात कॉलेजं बोटांवर मोजता येतील इतकी, आणि तोपर्यंत खेडोपाडी हायस्कुलं निघालेली. शिकलेल्या मुलांची पहिली मोठी लाट आधी इंटर सायन्सच्या आणि १९७७ पासून बारावीच्या निकालावर येऊन आदळली. इथून पुढे अंदाज बांधणं हा घराघरातला उद्योग झाला.

पण अंदाज बांधायला माहिती लागते, आणि ती कोणाकडे होती? पुण्यात सदाशिव पेठेतल्या मुलाच्या शेजारी कोणीतरी गेल्याच वर्षी सिव्हिलला लागलेला असायचा. दादरच्या मुलाचा मामा व्हीजेटीआयचा असायचा. 'गेल्या वर्षी मेकॅनिकल कितीला बंद झालं' हे ज्ञान जिन्यात, कट्ट्यावर फुकट मिळायचं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ते कुठून येणार?

आमचा दादा १९८१ ला बारावी झाला. तालुक्यात पहिला. घरात, गावात इंजिनिअर कोणी पाहिलेला नाही, म्हणजे पूल बघायला जीपमधून आलेले साहेब सोडले तर. दादाचे मार्क घेऊन आमचे वडील गावातल्या एका जाणत्या गृहस्थांकडे गेले. (नाव लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, आमच्या शेताच्या कज्ज्यात त्यांनी पुष्कळ मदत केली होती.) ते म्हणाले, "अण्णा, तिथं शहरातल्या पोरांचं होतं. आपल्या पोराचं कशाला उगाच? फॉर्मचे पैसे, जायचं-यायचं भाडं." वडिलांनी मान डोलावली. फॉर्म भरलाच नाही. दादा बी.एस्सी. झाला, पुढे शाळेत गणित शिकवलं आणि फार चांगलं शिकवलं.

चार वर्षांनी एका लग्नात दादाला शेजारच्या तालुक्यातला एक जण भेटला. त्याच वर्षीचा, दादापेक्षा सहा मार्क कमी, आणि सरकारी कॉलेजातून इंजिनिअर होऊन नोकरीला लागलेला. त्याचे चुलते पाटबंधारे खात्यात कारकून होते, त्यांनी साहेबांना विचारून फॉर्म भरून घेतला होता. बास, एवढाच फरक. त्या दिवशी दादा जेवला नाही असं वहिनी सांगते, दादा मात्र म्हणतो की मठ्ठा आंबट होता.

मला या गोष्टीत सहा मार्कांपेक्षा ती मान डोलावणं जास्त बोचतं. दादाला कोणी नापास केलं नाही, कुठल्या यादीतून काढलं नाही. त्याची संधी किती आहे याचा हिशेब त्याच्या अंगणातच झाला, आणि तो एकाही आकड्याशिवाय झाला.

पुढचा काळ बहुतेकांना आठवत असेल. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि उसाच्या मळ्याशेजारी इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. 'डोनेशन' हा शब्द मराठी झाला. त्याला नावं ठेवायची पद्धत आहे, पण ज्यांच्या घरात त्या कॉलेजांमुळे पहिला इंजिनिअर झाला ते नावं ठेवत नाहीत. अंदाजाच्या हिशेबात आता दुसरा रकाना आला, खिशाचा. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सुप्रीम कोर्टाने तो रकाना रीतसर आखून दिला : खासगी कॉलेजातल्या निम्म्या जागा फ्री, निम्म्या पेमेंट. मग एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे दोन कट-ऑफ. "फ्रीला बसत नाही, पेमेंटला बसतोय" हे वाक्य त्या काळी जूनमध्ये कुठल्याही बसमध्ये ऐकू यायचं. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ती योजना गेली.

शिवाय विद्यापीठाची हद्द. घरच्या विद्यापीठाच्या मुलांना ७० टक्के जागा, बाहेरच्यांना ३०. म्हणजे तेच मार्क घेऊन कराडला आत आणि पुण्याला बाहेर, किंवा उलट. प्रवेशाच्या फेरीला मेरिट नंबराप्रमाणे बोलावत तेव्हा मी एका मित्राबरोबर गेलो होतो. रिकाम्या जागांचा आकडा दर थोड्या वेळाने कमी होत जायचा आणि हॉलभर लोक वह्यांत खाडाखोड करत बसलेले. पुढे अजून किती जण आहेत, त्यातले किती जण आपल्याच शाखेवर डोळा ठेवून आहेत... एक आजोबा प्रत्येक मुलाला "काय घेतलंस रे?" विचारून वहीत टिंब देत होते. शेअर बाजारातल्या दलालाने शिकवणी लावावी असा त्यांचा अंदाज होता.

कट-ऑफ म्हणजे काय ते मला त्या हॉलमध्ये समजलं. आपण बोलतो असं की जणू कॉलेजने दारात काठी आडवी धरली आहे आणि ती एवढ्या उंचीची आहे. कॉलेज काहीच ठरवत नाही. जागा साठ असतील तर साठावा मुलगा आत गेला आणि दार लागलं. त्याचे मार्क म्हणजे कट-ऑफ. पुढच्या वर्षी पेपर सोपा निघाला, कॉम्प्युटरची हवा उतरली, शेजारी नवं कॉलेज निघालं, की रांग दुसरीकडेच संपते.

पण रांग दिसली तर! देशातल्या सगळ्यात मोठ्या रांगेत ती दिसतच नव्हती. आयआयटीची सामाईक परीक्षा १९६१ पासून होती, आणि कित्येक वर्षं मुलांना हातात रँक मिळे, गुण नाहीत. ऑक्टोबर २००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा लागू झाला आणि खरगपूर आयआयटीतलेच संगणकशास्त्राचे प्राध्यापक राजीव कुमार २००६ च्या परीक्षेचे आकडे मागत बसले. बाहेर आलं ते असं : गणिताला ३७, फिजिक्सला ४८, केमिस्ट्रीला ५५ आणि एकूण १५४. या चार अटी. १५४ पेक्षा कितीतरी जास्त मिळवूनही केमिस्ट्रीत अडकलेली मुलं बाहेर राहिली होती. हे आकडे नेमके काढले कसे, याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं मिळालं. प्रकरण कोर्टात गेलं, वर्षानुवर्षं चाललं. पुढे गुण, उत्तरं, कट-ऑफ जाहीर होऊ लागले त्यात या चिकाटीचा वाटा मोठा आहे. परीक्षा सुधारणारे पुष्कळ असतात, तिचा हिशेब मागणारा मला जास्त मोलाचा वाटतो.

आता उलट परिस्थिती आहे. महाराष्ट्रात सगळ्या फेऱ्यांचे कट-ऑफ, कॉलेजवार, शाखावार, प्रवर्गवार पीडीएफमध्ये मिळतात. आमच्या गावातल्या मुलालाही मिळतात. आणि तरी अंदाज चुकतातच, कारण मोजायची पट्टीच बदलत राहते. बारावीच्या गुणांवरून सीईटीवर आलो, २०१४ आणि २०१५ ला निम्मी बारावी आणि निम्मी जेईई मेन, २०१६ पासून पुन्हा सीईटी, २०१९ पासून गुणांऐवजी पर्सेंटाइल. मराठा आरक्षण २०१८ च्या कायद्याने आलं, २०२० मध्ये त्याला स्थगिती मिळाली, २०२१ मध्ये ते रद्द झालं, २०२४ मध्ये पुन्हा नवा कायदा. २०१९ पासून आर्थिक दुर्बलांच्या जागा. प्रत्येक वेळी गेल्या वर्षीच्या पीडीएफची किंमत थोडी कमी झाली.

पर्सेंटाइलने तर आमच्या पिढीची पार दांडी उडवली. भाचीला यंदा ९८ पडले. बहीण रडायच्या बेतात, आणि आमचे मेहुणे पेढ्यांची ऑर्डर द्यायला निघालेले! ९८ म्हणजे शंभरपैकी ९८ मार्क नव्हेत. तीन लाख मुलं बसली असं धरलं तर ९८ म्हणजे तिच्या पुढे साधारण ६ हजार, ९९ म्हणजे ३ हजार, ९९.५ म्हणजे दीड हजार. वरच्या अर्ध्या टक्क्याला कॉम्प्युटरची शाखा बदलते, गाव बदलतं. सीओईपीचं कॉम्प्युटर या आकड्याला येत नाही हे मी तिला सरळ सांगितलं, तिलाही ते ठाऊकच होतं. इतर शाखा, इतर कॉलेजं पुष्कळ आहेत.

पसंतीक्रम भरताना मात्र तिने पहिल्याच ओळीत ९७ ला बंद झालेलं कॉलेज टाकलं होतं, 'हे नक्की होईल' म्हणून. तिला हवं होतं ते दुसरंच, गेल्या वर्षी ९८.३ ला बंद झालेलं. ते खाली चौथ्या नंबरवर. कॅपचा कॉम्प्युटर यादी वरून खाली वाचतो आणि जिथे पहिल्यांदा बसतं तिथे थांबतो. वरची ओळ हुकली म्हणून खालच्या ओळीवरचा हक्क जात नाही. पण पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर तो घ्यावा लागतो, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे 'नक्की होईल' ते वर टाकलं की हवं ते स्वतःच्याच हाताने गेलं.

दादा तिच्याबरोबर दोन संध्याकाळी बसला. गेल्या तीन वर्षांचे कट-ऑफ वहीत उतरवून, शाळेच्या पद्धतीने तांबड्या पेनने रेघा मारून. यादी आता ४० ओळींची आहे आणि ९८.३ वालं सगळ्यात वर. पहिली फेरी अजून लागायची आहे.