कोरियातले थोरात

नवी मुंबईच्या लोकलमध्ये कोरियन मालिका बघणाऱ्यांत मीही आहे. त्यातली उत्तर-दक्षिण सीमा दिसली की मला कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात आठवतात. २७ जुलै १९५३ ला युद्ध थांबलं. पण मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांचं काय? त्यांची राखण थोरातांच्या भारतीय तुकडीकडे आली. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांना भारतीय जवान आपल्या भूमीवर नकोच होते, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं. (पाहुणचार बघा!) सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं. थोरात स्वतः कुंपणाआत गेले, बोलणी करून त्याला सोडवून आणलं. शेवटी ७६ कोरियन कैद्यांना ना उत्तर हवं होतं, ना दक्षिण. १९५४ मध्ये ते भारतीय सैनिकांबरोबर मद्रासला उतरले. पुढे बरेचसे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, मोजके इथेच राहिले.